छायाचित्राची साक्ष

माणूस खोटे बोलतो, छायाचित्र खोटे बोलत नाही, अशी एक समजूत सुशिक्षित समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. चित्रकाराने काढलेली तसबीर पाहताना आपण त्याचा हात, त्याची दृष्टी आणि क्वचित त्याची लहर यांचा हिशेब मनाशी धरून असतो. छायाचित्रापुढे असा हिशेब मांडावा असे कोणास वाटत नाही. वस्तूवरून निघालेला प्रकाश भिंगातून आत गेला व त्यानेच आपली खूण उमटवली, मध्ये कोणाचे मत आले नाही, अशी आपली भावना असते. 1839 साली दागेरची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हापासून चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या छायाचित्रणापुरती ही भावना बऱ्याच अंशी रास्तही होती. स्टुडिओतील कारागीर काचेवर बारीक कुंचला फिरवून सुरकुत्या पुसत असे, हे खरे. पण तो हात माणसाचा होता आणि जाब विचारायचा तर त्यालाच विचारता येत होता. आज आपल्या खिशातील डिजिटल कॅमेऱ्याविषयी असे म्हणता येईल काय, आणि येत नसेल तर त्याच्या चित्रास कोणत्या प्रकारची साक्ष मानावी, हा प्रश्न मला अलीकडे वारंवार पडतो. केवळ यंत्रशास्त्राचा म्हणून तो सोडून देता येत नाही. घरातील स्मृती, वृत्तपत्रातील बातमी आणि न्यायालयातील पुरावा ही तिन्ही आज त्याच्यावर उभी आहेत.

प्रथम कॅमेऱ्याच्या पोटात काय चालते ते पाहू. भिंगामागे जी प्रकाशग्राही पट्टी असते, ती लक्षावधी सूक्ष्म कोष्ठांची बनलेली असते. प्रत्येक कोष्ठ आपणांवर किती प्रकाश पडला एवढेच मोजते. तो तांबडा की निळा हे त्यास समजत नाही. रंग कळावा म्हणून प्रत्येक कोष्ठावर एकेका रंगाची बारीक काच बसवलेली असते. ही मांडणी ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांनी शोधली व 1976 साली तिचे पेटंट त्यांच्या नावे निघाले. चार कोष्ठांच्या चौकटीत दोन हिरवी, एक तांबडे, एक निळे, अशी ती योजना आहे. हिरव्याला दुप्पट मान देण्याचे कारण असे की, उजेडाचा कमीअधिकपणा मनुष्याच्या डोळ्यास हिरव्याच्या आसपास अधिक बारकाईने जाणवतो.

आता यातून काय निष्पन्न होते, ते वाचकांनी स्वतःच बोटे मोडून पाहावे. पूर्ण चित्रात प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन अंक लागतात. कोष्ठाने त्यांपैकी एकच मोजलेला असतो. उरलेले दोन अंक शेजारच्या कोष्ठांवरून अंदाजाने भरावे लागतात. एक कोटी वीस लाख बिंदूंच्या चित्रात तीन कोटी साठ लाख अंक असतात. त्यांतील एक कोटी वीस लाख मोजलेले, आणि दोन कोटी चाळीस लाख अनुमानाने काढलेले. म्हणजे आपण ज्यास डोळ्यांपुढचा पुरावा म्हणतो, त्या चित्रातील रंगाचे दोन तृतीयांश अंक प्रकाशाने लिहिलेलेच नसतात. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष व अनुमान ही दोन निरनिराळी प्रमाणे मानली. पर्वतावर धूर दिसतो हे प्रत्यक्ष, त्यावरून तेथे अग्नी असावा हे अनुमान. डिजिटल छायाचित्र हे या दृष्टीने पाहता प्रत्यक्षाच्या वेषात आलेले अनुमान होय. कल्पनेचा स्पर्श नसलेले ज्ञान तेच प्रत्यक्ष, अशी कडक व्याख्या करणाऱ्या दिङ्नागापुढे तर यांतील एकही चित्र उभे राहिले नसते!

अंदाज झाला की त्याग सुरू होतो. वरील तीन कोटी साठ लाख अंक जसेच्या तसे साठवले, तर त्यांचा भार फार होतो. म्हणून चित्राचा संक्षेप करावा लागतो. या संक्षेपाच्या मुळाशी जे गणित आहे, ते 1940 साली बंगलोर येथे जन्मलेल्या नासिर अहमद यांचे आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. अमेरिकेत कॅन्सास येथील विद्यापीठात असताना 1972 साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान संस्थेकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा पडल्याचे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. तरी त्यांनी ती सोडली नाही, आणि नटराजन व के. आर. राव या दोन सहकाऱ्यांसह 1974 च्या जानेवारीत ती प्रसिद्ध केली. 1992 साली ठरलेल्या जेपेग नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा ती पाया झाली. आज घरोघरच्या मोबाइलांत साठलेल्या चित्रांपैकी किती चित्रे या फारच सोप्या कल्पनेवर उभी आहेत, याची गणती करणे कठीण आहे.

तिची रीत अशी. प्रथम उजेड आणि रंग वेगळे करतात. रंगातील बारकावे डोळ्यास नीट कळत नाहीत, म्हणून पुष्कळदा चार बिंदूंस मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. मग चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील चौसष्ट अंकांच्या जागी चौसष्ट लाटा कल्पितात: पहिली म्हणजे त्या चौकोनाची निव्वळ सरासरी, पुढच्या क्रमाने अधिकाधिक बारीक. कोणती लाट किती प्रमाणात आहे हे काढून त्या प्रमाणास ठरीव संख्येने भागतात व अपूर्णांक सोडून देतात. बारीक लाटांचे भाजक मोठे असल्याने त्यांतील बहुतेक शून्य होतात, आणि शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते. दूध आटवले म्हणजे पाणी जाते व सत्त्व राहते, तसे येथे चित्र आटवले जाते. फरक इतकाच की, पाणी कोणते आणि सत्त्व कोणते, हे मनुष्याच्या डोळ्याच्या दुबळेपणावरून ठरवलेले असते. जे तुम्हांस दिसणार नाही, ते टाकले तरी तुमची तक्रार येणार नाही, हे या शास्त्राचे गृहीत आहे. त्यामुळे दहापट लहान केलेले चित्रही मूळ चित्राहून वेगळे ओळखू येत नाही.

एवढ्यावरून यास असत्य म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. टाकल्यावाचून कोणतेही ज्ञान होत नाही. डोळ्याच्या पडद्यावर सुमारे बारा कोटींहून अधिक प्रकाशग्राही पेशी असतात, आणि त्यांचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूत धागे मात्र दहा लाखांच्या घरात; म्हणजे डोळाही मार्गातच संक्षेप करीत असतो. इतिहासकार टाकतो, चरित्रकार टाकतो, साक्षीदारही टाकतो. शिवाय जेपेगच्या त्यागात एक गुण आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. तो हद्दीबाहेर गेला की उघडा पडतो. नातेवाइकांच्या गटात सकाळच्या शुभेच्छांबरोबर फिरफिरून आलेले गुलाबाचे चित्र पाहावे. पाकळ्यांवर चौकोनी ठिगळे दिसू लागतात, अक्षरांच्या कडेला धूळ बसल्यासारखी वाटते. त्या चित्राने पुष्कळ गमावले आहे, परंतु आपण गमावले आहे हे ते तोंडावर सांगते. ज्या साक्षीदाराची स्मृती अंधुक आहे आणि जो ती अंधुक आहे असे सांगतो, त्यास कोणी लबाड म्हणत नाही.

याच्या उलट एक उदाहरण 2013 साली जर्मनीत उघडकीस आले. डेव्हिड क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञाच्या नजरेस असे आले की, एका इमारतीच्या नकाशाची यंत्रावर काढलेली नक्कल मुळाशी जुळत नाही. नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर अशी होती. नकलेत तिन्ही खोल्या 14.13 झाल्या होत्या. यंत्र झेरॉक्स कंपनीचे होते. आपल्याकडे या कंपनीच्या नावानेच नक्कल काढण्याची क्रिया ओळखली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रकरणाचे गांभीर्य कळेल. दोष सापडला तो संक्षेपाच्या रीतीत. ही रीत पानावर एकसारख्या दिसणाऱ्या आकृत्या शोधते, त्यांतील एकच साठवते, आणि इतर ठिकाणी तीच चिकटवते. लहान अक्षरांत सहा व आठ यांत तिला भेद कळला नाही, तर सहाच्या जागी आठ येऊन बसतो. कंपनीने पुढे सुधारणा पुरवली. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, तो चुकीचा आठ पुसट नव्हता. तो स्वच्छ, ठसठशीत, शेजारच्या खऱ्या आठाइतकाच ऐटबाज होता. जेपेग चुकले तर धूसर होते. हे यंत्र चुकले आणि सुबक राहिले. पहिल्याने अज्ञान दाखवले, दुसऱ्याने ते सुबकपणाखाली लपवले. माझ्या मते नैतिक प्रश्न येथून सुरू होतो. किती टाकले यावरून चित्राची सचोटी ठरत नाही. टाकल्याची जागा कशाने भरली आणि ती भरलेली आहे हे पाहणाऱ्यास कळते की नाही, यावरून ती ठरते.

रंगाच्या बाबतीत ही अडचण अधिक नाजूक होते. पांढरा कागद दिव्याखाली पिवळसर आणि सावलीत निळसर असतो, तरी मन त्यास पांढराच समजते. कॅमेऱ्यास मन नाही. म्हणून प्रकाशाची छटा कोणती असावी याचा तर्क करून तो साऱ्या चित्रातून ती वजा करतो. हा तर्क बहुधा बरोबर असतो. पण 9 सप्टेंबर 2020 रोजी कॅलिफोर्नियातील वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्को शहराचे आकाश भर दिवसा नारिंगी झाले, आणि लोकांनी मोबाइलवर त्याचे फोटो काढले, तेव्हा अनेकांच्या चित्रांत ते राखाडी उतरले. आकाश नारिंगी असू शकत नाही, असा यंत्राचा पूर्वग्रह होता. रोजच्या दिवशी उपकारक असलेला तर्क नेमका त्या दिवशी, म्हणजे साक्षीची खरी गरज होती त्या दिवशी, उलटला.

माणसाच्या पूर्वग्रहाचीही अशीच एक हकीकत आहे. 1976 च्या जुलैत व्हायकिंग यान मंगळावर उतरले व तेथून पहिले रंगीत चित्र आले, तेव्हा त्यातील आकाश प्रथम पृथ्वीसारखे निळसर दाखवले गेले. पुढे यानावरच बसवलेल्या ज्ञात रंगांच्या पट्ट्यांशी ताडून पाहता ते गुलाबीकडे झुकणारे ठरले. ही दुरुस्ती जाहीर होताच जमलेल्या वार्ताहरांनी गमतीने नापसंतीचा गलका केला, असे कार्ल सेगन यांनी लिहिले आहे. दूरच्या ग्रहावरही आपले आकाश असावे, ही माणसाची इच्छा किती खोल असते! परंतु येथे शास्त्रज्ञांनी आपला तर्क तपासण्याचे साधन आधीच बरोबर पाठवले होते. खिशातील कॅमेऱ्याबरोबर अशी पट्टी येत नाही.

आणि मनुष्याच्या त्वचेचा रंग हा तर आपल्या समाजात आकाशाच्या रंगाहून जास्त दुखरा विषय. फिल्मच्या काळात रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून छपाईखान्यांस नमुन्याची जी छायाचित्रे जात, त्यांवर बराच काळ गौरवर्णीय स्त्री असे. तिची कांती नीट उतरली की यंत्र ठीक, असा निकष होता. सावळ्या चेहऱ्यांचे तपशील अंधारात बुडत, त्याचे एक कारण हे. कॅनडातील अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी 2009 साली या नमुन्यांचा इतिहास मांडला. 2021 साली गूगलने निरनिराळ्या वर्णांचे चेहरे नीट उतरावेत म्हणून आपल्या फोनच्या गणितात मुद्दाम फेरफार केले, यावरून हा प्रश्न फिल्मबरोबर संपला नव्हता हे दिसते.

आमच्या नात्यातील एका मुलीसाठी स्थळे पाहण्याचे चालले होते. तिच्या आईने मला मोबाइलवर फोटो दाखवला. मुलगी सावळी, तरतरीत. फोटोतली गोरीपान, मेणासारखी नितळ. मी म्हटले, "वहिनी, हा फोटो कोणी सुधारला?" त्या म्हणाल्या, "अहो भावजी, आम्ही कशालाच हात लावला नाही. मोबाइलनंच असा काढलाय." त्या अक्षरशः खरे बोलत होत्या. काही फोनांत चेहरा उजळण्याची सोय न मागता चालू असते, हे त्यांस ठाऊक नव्हते. फोटो पाच-सहा घरी जाऊन आला होता. त्या घरांची फसवणूक झाली असे म्हणावे, तर फसवणारा कोण? आणि त्या मुलीस आपल्या खऱ्या वर्णाविषयी त्या यंत्राने काय ऐकवले, याचा विचार तर कोणीच केला नव्हता.

पाश्चात्य नीतिशास्त्रात ऑगस्टीनपासून असत्याच्या विवेचनात फसवण्याच्या हेतूस प्रमुख स्थान आहे. हेतू नाही तर चूक आहे, खोटेपणा नाही. ही दृष्टी माणसास न्याय देणारी आहे, पण यंत्राच्या बाबतीत ती आपणांस उलट दिशेस नेते. यंत्रास हेतू नाही, म्हणून ते खोटे बोलत नाही, म्हणून ते सांगते ते खरे, अशी तीन पायऱ्यांची घसरगुंडी मनात नकळत तयार होते. त्यांतील तिसरी पायरी पहिल्या दोहोंतून मुळीच निघत नाही. 2015 च्या नोव्हेंबरात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांस कळवले की, कॅमेऱ्यातील कच्च्या नोंदीवरून तुम्ही स्वतः सिद्ध केलेली चित्रे पाठवू नका. कॅमेऱ्याने जेपेग म्हणून जे उतरवले असेल तेवढेच पाठवा. वेळेची बचत हे एक कारण होते, सचोटी हे दुसरे. वस्तुतः कच्ची नोंद हीच प्रत्यक्षास अधिक जवळची; तिच्यावरून चित्र कोणीतरी सिद्ध करावेच लागते. प्रश्न एवढाच होता की, ते जागेवर हजर असलेल्या माणसाने करावे की तेथे कधीच नसलेल्या अभियंत्यांनी आधी लिहून ठेवलेल्या गणिताने. निवड गणिताच्या बाजूने झाली. व्यवहारदृष्ट्या तिचे समर्थन करता येईल. परंतु निर्हेतुकतेला आपण सत्यतेचा मान किती सहज देतो, याचा हा मासला आहे.

यापुढची पायरी 2023 च्या मार्च महिन्यात दिसली. एका गृहस्थाने चंद्राचे चित्र मुद्दाम इतके पुसट केले की त्यात विवरांचा मागमूस राहिला नाही; ते संगणकाच्या पडद्यावर ठेवले व दूर जाऊन सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो घेतला. फोटोत विवरे उमटली! समोर नसलेली वस्तू चित्रात आली. कंपनीने खुलासा केला की, फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या कृत्रिम बुद्धीच्या साहाय्याने त्याचे तपशील स्पष्ट करतो. यात बिघाड काही नव्हता; यंत्र ठरल्याप्रमाणे चालले होते. पूर्वीचा संक्षेप डोळ्यास न दिसणारे टाकत होता. हे यंत्र डोळ्यास दिसावेसे वाटणारे घालते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. डोळाही असेच करतो. प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावर एक अंधबिंदू आहे, तेथे काहीच दिसत नाही. तरी जगात भोक पडलेले आपण कधी पाहत नाही, कारण मन शेजारच्या रंगाने ती जागा भरून काढते. मग कॅमेऱ्यालाच दोष का? उत्तर असे की, डोळ्याची भर क्षणिक असते. मान किंचित वळवली, जवळ गेलो, हात लावला, की ती दुरुस्त होते. दोरीस साप समजणारा मनुष्य दिवा आणून पाहतो. शिवाय डोळ्याने पाहिलेले सांगणारा मनुष्य "मला तसे वाटले" असे म्हणू शकतो, आणि उलटतपासणीत त्यास तसे म्हणावयास लावता येते. छायाचित्रास हे शब्द उच्चारता येत नाहीत. त्यातील मोजलेला बिंदू आणि कल्पिलेला बिंदू शेजारी शेजारी, एकाच तेजाने, एकाच आत्मविश्वासाने बसलेले असतात.

येथे आपल्या न्यायशास्त्रातील एक भेद मला फार उपयोगी वाटतो. अनुमान दोन प्रकारचे: स्वतःच्या समजुतीपुरते केलेले ते स्वार्थानुमान, दुसऱ्यास पटवण्यासाठी मांडलेले ते परार्थानुमान. पहिल्यात मनातल्या मनात निष्कर्ष काढून मोकळे होता येते. दुसऱ्यात हेतू, म्हणजे निष्कर्षाचे कारण, उघड सांगावा लागतो. नातवाचा वाढदिवस, सहलीतला चंद्र, अंगणातला पारिजातक यांची चित्रे घरच्या घरी राहणार असतील, तर यंत्राने त्यांत हवी तेवढी गोडी ओतावी. तो स्वार्थानुमानाचा प्रांत आहे. तरी आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसून तिची स्मृती कोणती राखली जाते, हे ज्याचे त्याने पाहावे. मात्र तेच चित्र वधूवरांच्या घरी, वृत्तपत्राच्या पानावर किंवा न्यायाधीशांपुढे जाऊ लागले, म्हणजे ते परार्थानुमान झाले, आणि तेथे हेतू सांगण्याचे कर्तव्य लागू झाले. मंगळाच्या शास्त्रज्ञांनी रंगांची पट्टी बरोबर नेली, हे त्यांचे हेतुकथनच होते.

आपला कायदा या बाबतीत कोठवर आला आहे? जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीतून निघालेल्या एका खटल्यात, उमेदवारी अर्ज वेळेत आला होता की नाही हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावरून ठरवायचे होते. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात असा निर्णय दिला की, मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल, तर अशा नोंदीबरोबर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र असलेच पाहिजे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने या प्रमाणपत्रात आणखी एका गोष्टीची भर घातली: नोंदीवरून गणिताने काढलेला एक ठसा-अंक त्यात लिहावयाचा असतो. नोंदीत मागाहून एक बिंदू जरी बदलला, तरी तो अंक बदलतो. योजना चांगली आहे आणि मागाहून हात फिरवणाऱ्यास ती पकडील. पण हा ठसा चित्र तयार झाल्यानंतरचा असतो. रंगाचे दोन तृतीयांश अंक अंदाजाने भरले गेले, छटा वजा झाली, बारीक लाटा शून्य झाल्या, कदाचित चेहरा उजळला आणि विवरे उमटली, हे सारे त्याच्या आधीचे. ठसा या सर्वांसकट चित्रास मूळ म्हणून शिक्कामोर्तब करतो. यंत्र नीट चालत होते काय, हे प्रमाणपत्र विचारते. जे यंत्र नीट चालत असतानाच कल्पना करते, त्याच्याविषयी विचारावयाचा रकाना त्या नमुन्यात नाही.